यंत्राला अक्षर सांगताना

'डिजिटल फॅब्रिकेशन' हे नाव मोठं भारदस्त आहे. त्याला मराठीत नेमका शब्द अजून रुळलेला नाही आणि तो घडवण्याच्या भानगडीत मी पडणार नाही. अर्थ मात्र सोपा आहे. संगणकावर आकडे लिहायचे आणि त्या आकड्यांबरहुकूम यंत्राने लाकूड, पुठ्ठा, अ‍ॅक्रिलिक किंवा प्लास्टिक यांतून वस्तू तयार करायची. काही यंत्रं कापतात, काही कोरतात, काही थरावर थर रचत जातात. एवढाच त्याचा पसारा.

मी व्यवसायाने ग्राफिक डिझायनर. पुस्तकांची मुखपृष्ठं, आमंत्रणपत्रिका, दुकानांच्या पाट्या अशी माझी कामं. आमच्या धंद्यात एक गंमत आहे. लोकांना वाटतं आम्ही वस्तू करतो. खरं तर आम्ही वस्तूचं चित्र करतो. चित्राची फाइल छापखान्यात किंवा पाटीवाल्याकडे जाते आणि पुढचं सगळं दुसऱ्याच्या हातात. कागद कसा वागला, लाकूड कुठे तडकलं, हे आम्हाला कळतं ते तयार वस्तू समोर आल्यावर, आणि कधीकधी तेव्हाही नाही. हे अंतर मला टोचत असे. म्हणून गेली काही वर्षं संध्याकाळच्या वेळात, कुणी सांगितलेलं नसताना आणि कुणी पैसे देणार नसताना, मी या यंत्रांपाशी जाऊन बसते. त्यासाठी थोडी संगणकाची भाषाही शिकले. प्रोग्रॅम लिहिणं हे इंजिनिअरांचं काम, आपलं नव्हे, अशी माझ्यासारख्या कलाशाखेतून आलेल्या माणसांची समजूत असते. ती फारशी खरी नाही.

यंत्राला आकड्यांनी हुकूम द्यायची कल्पनाही काही नवी नाही. फ्रान्समध्ये जाकार्दने १८०४ च्या सुमारास भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून कापडाची नक्षी विणणारा माग तयार केला. अमेरिकेत एमआयटीने १९५२ साली भोकं पाडलेल्या पट्टीवरून चालणारं धातू कोरायचं यंत्र दाखवलं. पुढे कित्येक वर्षं असली यंत्रं कारखान्यांतच राहिली. ती आपल्यापर्यंत पोचली अगदी अलीकडे. प्लास्टिकची तार वितळवून थर रचणाऱ्या थ्रीडी प्रिंटरचंच बघा. त्याचं मूळ पेटंट २००९ साली संपलं. त्याआधीच, २००५ साली, इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी स्वतःचे बरेचसे भाग स्वतःच छापू शकेल अशा यंत्राचा प्रकल्प सुरू केला होता आणि त्याचे आराखडे सर्वांना खुले केले होते. आज साधा प्रिंटर एखाद्या बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीत मिळतो.

मी सुरुवात केली ती लेझरने कापणाऱ्या यंत्रापासून. आमच्या पेठेत एका गाळ्यात ते आहे. तिथले दादा दिवसभर लग्नपत्रिका आणि ट्रॉफ्या कापतात आणि संध्याकाळी मला तासभर यंत्र देतात. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, काहीही कापा, पण पीव्हीसी आणू नका." पीव्हीसी जळताना आम्लाचा विषारी वायू निघतो. तो छातीलाही वाईट आणि यंत्रालाही. पाटीच्या धंद्यात सनबोर्ड म्हणून जे तक्ते सर्रास मिळतात, त्यातले पुष्कळसे पीव्हीसीचेच असतात. ते करवतीने किंवा सुरीने कापावेत, लेझरखाली घालू नयेत.

आता प्रोग्रॅम लिहायची गरज का पडते, ते एका साध्या डब्यावरून सांगते. प्लायवूडच्या सहा बाजू, कडांना दात आणि खाचा, एकमेकांत अडकवल्या की खिळ्याशिवाय डबा उभा. बाजारात प्लाय 'तीन मिलिमीटर' म्हणून मिळतं. मोजलं तर ते २.७ भरतं, पुढच्या वेळी २.९ भरेल. शिवाय लेझरचा काप म्हणजे काही भूमितीतली रेघ नव्हे, तिला रुंदी असते. करवतीने लाकूड कापताना पात्याच्या जाडीइतका भुसा होतो आणि सुतार तो हिशेबात धरतो, तसंच इथे. पातळ प्लायमध्ये हा काप साधारण ०.२ मिलिमीटर, म्हणजे दोन कागदांच्या जाडीएवढा. तीन मिलिमीटरची खाच काढली तर कापल्यावर ती ३.२ होते. तिच्यात २.७ चं प्लाय घातलं की अर्धा मिलिमीटर खुळखुळतं. खाच काढायला हवी अडीचची.

हाच डबा चित्र म्हणून काढला असेल तर तक्ता बदलल्यावर प्रत्येक खाच हाताने बदलत बसावं लागतं. प्रोग्रॅममध्ये मी वरती दोन ओळी लिहिते: जाडी इतकी, काप इतका. खाली एक नियम: खाच म्हणजे जाडी वजा काप. नवा तक्ता आला की फक्त वरचा आकडा बदलायचा. बाकीचा डबा आपोआप जुळतो. मला यात एक मोठी उलथापालथ दिसली. चित्र काढताना मी एक वस्तू काढते. नियम लिहिताना त्या जातीच्या सगळ्या वस्तू काढते. आपल्याकडे ठिपक्यांची रांगोळी शिकवताना 'इतक्या ठिपक्यांच्या इतक्या ओळी' असं सांगतात, चित्र देत नाहीत. त्यातलाच हा प्रकार.

मग मी अक्षरांकडे वळले, आणि तिथे खरी शिकवणी झाली.

रोमन लिपीतला एखादा शब्द अ‍ॅक्रिलिकमधून कापून काढला तर हातात सुटी अक्षरं येतात. ती एकेक करून पाटीवर चिकटवावी लागतात. आपली शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवते. 'नमस्कार' कापा, अख्खा शब्द एका तुकड्यात उचलता येतो. वर्षानुवर्षं मी शिरोरेषेला डोळ्याची सोय समजत होते. लेझरखाली ती इमारतीच्या तुळईसारखं काम करते. ग, ण, श यांचा उजवा दांडा बाकीच्या अक्षराला फक्त तिनेच जोडलेला असतो. ट, ठ, द, ह ही अक्षरं तर तिला एका देठाने लोंबकळतात. पाटी भिंतीवरून पडली की ती नेमकी त्या देठाशी मोडते. म्हणून छापायच्या अक्षरात जो देठ बारीक ठेवला की देखणा दिसतो, तो कापायच्या अक्षरात जाड करावा लागतो. आणि अनुस्वार? तो कुणालाच धरून नसतो. 'आनंद' कापला की टिंब जाळीतून खाली पडतं आणि हातात 'आनद' उरतो.

उलट प्रकार स्टेन्सिलचा. पत्र्याच्या ट्रंकेवर किंवा गोणीवर नाव रंगवायला जो छाप करतात, त्यात अक्षर म्हणजे भोक. तिथे अनुस्वाराची काहीच अडचण नाही, तो एक गोल भोक होऊन बसतो. पण 'व'च्या पोटातला तुकडा गळून पडतो. 'ब'च्या पोटात तिरकी रेघ, म्हणजे तिथले दोन तुकडे पडतात. 'प' आणि 'म' यांची पोटं शिरोरेषेमुळेच बंद होतात, तीही जातात. हे तुकडे धरून ठेवायला मध्ये बारीक पूल सोडावे लागतात. बंद पोट कुठलं हे शोधून काढणारा प्रोग्रॅम लिहिता आला. पूल कुठे टाकायचा, हे मात्र मी अजून यंत्रावर सोपवलेलं नाही. गणिताने तो बरोबर मध्यावर येतो आणि डोळ्याला खुपतो. जुन्या पेंटरांनी हाताने कापलेले छाप पाहावेत. त्यांचे पूल बरोबर तिथे असतात जिथे बोरूची रेघ तशीही बारीक झाली असती. फ्लेक्स आलं आणि या मंडळींची कामं गेली. त्यांच्या हातातलं शहाणपण कुणी नोंदवून ठेवलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

लाकूड कोरणाऱ्या यंत्राबद्दल थोडक्यात सांगते. त्याचं पातं गोल फिरतं, त्यामुळे आतला कोपरा कधीच काटकोनात येत नाही. सहा मिलिमीटरचं पातं असेल तर कोपऱ्याला तीन मिलिमीटर त्रिज्येची गोलाई राहणारच. शिरोरेषा आणि दांडा मिळतात तो कोपरा तिथे मऊ होतो. हाताने छिन्नी चालवणारा तो कोपरा एका फटक्यात काढतो.

आतापर्यंत हा सगळा हौसेचा मामला होता. त्याला निराळं वळण लागलं ते माझ्या साताऱ्याच्या मावशीमुळे. तिचं वय ऐंशीच्या पुढे. तिच्या डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाची झीज झाली आहे. अशा आजारात कडेकडेचं दिसत राहतं, माणूस घरात सहज वावरतो, पण ज्याच्याकडे रोखून पाहावं तेच पुसलं जातं. म्हणजे वाचन गेलं. तिला रोज तीन वेळा गोळ्या घ्यायच्या असतात. सकाळच्या, दुपारच्या आणि रात्रीच्या पाकिटांसाठी तिने स्टीलच्या तीन डब्या केल्या आहेत, पण त्या सारख्याच. रात्रीची रक्तदाबाची गोळी सकाळी परत घेतली गेली तर काय होईल, ही धास्ती तिला आणि आम्हालाही.

ब्रेल शिक म्हणणं सोपं आहे. भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल १९५१ साली ठरलं आणि त्याने असंख्य मुलांचं शिक्षण झालं. पण बोटांना टिंबांची भाषा या वयात नव्याने येणं अवघड असतं. मावशीला देवनागरी मात्र ऐंशी वर्षांची पाठ आहे. मग बोटांनी वाचता येईल असं उठावाचं मराठी अक्षर का नको?

हा प्रश्न माझ्या आधी पुष्कळांना पडलेला होता. १७८० च्या दशकात पॅरिसमध्ये व्हॅलेंतीन आउई यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली आणि उठावाच्या रोमन अक्षरांची पुस्तकं केली. त्याच शाळेत शिकलेल्या लुई ब्रेलला १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, अक्षरांऐवजी टिंबं सुचली, कारण नेहमीची अक्षरं बोटाला फार संथ वाटत. पुढे १८४५ साली इंग्लंडमध्ये विल्यम मून यांनी, जे स्वतः अंध होते, रोमन अक्षरांची हाडं तेवढी ठेवून सोपी उठावाची लिपी केली. उतारवयात दृष्टी गेलेल्यांना ती जवळची वाटली. म्हणजे पुस्तक वाचायला ब्रेलला तोड नाही. पण डबीवरच्या एका अक्षरासाठी ओळखीचा आकार चालतो.

बोटाच्या टोकाला साधारण दोन मिलिमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या कळत नाहीत. ब्रेलच्या टिंबांतलं अंतर अडीच मिलिमीटरच्या आसपास असतं, ते उगीच नव्हे. तेव्हा अक्षराच्या पोटातली प्रत्येक मोकळी जागा निदान तीन मिलिमीटर तरी हवी. मी अक्षराची बाह्यरेषा काढायचं सोडून दिलं आणि लेखणी कुठून कुठे गेली तेवढे बिंदू प्रोग्रॅममध्ये लिहिले. रेघेची जाडी आणि उठाव हे वेगळे आकडे. लेखणीचा मार्ग आणि तिची जाडी यांतून अक्षर सांगायची ही पद्धत डोनाल्ड कनूथ या संगणकशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस छपाईच्या अक्षरांसाठी मांडली होती. माझा प्रोग्रॅम त्यापुढे बाळबोध आहे, पण तत्त्व तेच. मग एका आवर्तनात तीन जाड्या आणि तीन उठाव यांच्या नऊ चकत्या छापून घेतल्या आणि साताऱ्याला गेले.

मावशीने नऊ चकत्या मांडीवर घेतल्या आणि तासाभरात मला धडा दिला. मला वाटलं होतं जाड रेघ बोटाला जास्त कळेल. तसं नसतं. जाड रेघेच्या दोन कडा बोटाला दोन वेगळ्या रेघा वाटतात. "ही भिंत झाली गं, रेघ नाही," म्हणाली. तिने दोन मिलिमीटरची रेघ आणि एक मिलिमीटरचा उठाव निवडला.

दुसरी गोष्ट शिरोरेषेची. सगळ्याच अक्षरांना जी असते ती बोटाला निरुपयोगी, काढून टाकू, असा माझा विचार चालला होता. मावशी म्हणाली, "मग वरची बाजू कुठली ते मला कसं कळणार?" डबी गोल. हातात कशीही येते. तिचं बोट आधी शिरोरेषा शोधतं, ती वर करतं आणि मगच खाली उतरतं. तेव्हा शिरोरेषा राहिली. उलट ती चकतीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लांबवली.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सकाळचा 'स', दुपारचा 'द' आणि रात्रीचा 'रा' असं आमचं ठरत होतं. नमुने हातात घेतल्यावर मावशी 'स' आणि 'रा' यांच्यात अडखळायला लागली. डोळ्याने पाहताना आपल्या कधी लक्षातच येत नाही, पण 'स' म्हणजे काय? र, दांडा आणि त्यांना जोडणारी एक आडवी रेघ. 'रा' म्हणजे र आणि दांडा. फरक फक्त त्या आडव्या रेघेचा, आणि बोट घाईत असलं की तीच निसटते. नेमक्या सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्यांची अदलाबदल. मी पर्यायी अक्षरं सुचवत राहिले. मावशीने दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, रात्रीसाठी अक्षर कशाला? चंद्रकोर काढ." चंद्रकोरीला शिरोरेषा नाही, त्यामुळे बोट टेकताच ती वेगळी कळते. स, द आणि चंद्रकोर, असा संच पक्का झाला.

छपाईचा हिशेब असा. यंत्र ०.२ मिलिमीटरचा एकेक थर घालतं. दोन मिलिमीटरची चकती म्हणजे दहा थर, वरचं अक्षर म्हणजे आणखी पाच. दहावा थर झाला की यंत्र थांबवायचं, काळी तार काढून पिवळी घालायची. काळ्यावर पिवळं अक्षर मावशीला डोळ्याच्या कडेने थोडं दिसतंही. चकत्या स्टीलच्या झाकणांवर चिकटवल्या. अख्ख्या डब्या छापायचा मोह मी टाळला. छापलेल्या प्लास्टिकच्या थरांमध्ये बारीक खोबणी राहतात, त्यात मळ साठतो. शिवाय नेहमी वापरतात ते पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, कढत पाण्यात धुतलं की वाकडं होतं. स्टीलची डबी याहून कधीही चांगली. गोळ्याही त्यांच्या पाकिटातच राहतात.

या यंत्रांनी घराघरांत कारखाने उभे राहतील, असं मधल्या काळात फार बोललं गेलं. मला ते पटत नाही. एकच टेबल हवं असेल तर सुतार ते अधिक लवकर आणि चांगलं करतो. एकसारखी झाकणं फार मोठ्या संख्येने हवी असतील तर साच्यातून काढलेली स्वस्त पडतात. या यंत्रांची खरी जागा या दोहोंच्या मधली आहे: एका माणसाच्या एका गरजेची वस्तू, जी कुठलाही कारखानदार कधीच करणार नाही. एमआयटीत नील गर्शनफेल्ड यांनी १९९८ साली 'जवळपास काहीही कसं बनवावं' अशा नावाचा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा तिथे इंजिनिअरांबरोबर कलावंत आणि वास्तुविशारदही आले. केली डॉबसन यांनी तर किंकाळी साठवून ठेवायची पिशवी केली: चारचौघांत ओरडावंसं वाटलं की तिच्यात ओरडायचं आणि एकांतात जाऊन ती किंकाळी मोकळी करायची. हसू येतं खरं, पण ती वस्तू त्यांना स्वतःला हवी होती.

त्या अभ्यासक्रमातूनच 'फॅब लॅब' म्हणजे सामायिक कार्यशाळेची कल्पना निघाली, आणि एमआयटीच्या बाहेरची पहिली अशी कार्यशाळा २००२ साली आपल्या पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला झाली. डॉ. एस. एस. कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला होता. गावातली मुलं हाताने काम करता करता विज्ञान शिकतील, हा त्यांचा आग्रह. नवी यंत्रं पाबळला आली तेव्हा वेल्डिंग, सुतारकाम आणि शेतीची अवजारं तिथे आधीपासून होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब योजनेतून अनेक शाळांतही थ्रीडी प्रिंटर पोचले आहेत. तिथे मुलांना इंटरनेटवरची खेळणी छापत बसू देण्यापेक्षा घरातली एक अडलेली वस्तू मोजून आणायला सांगावं, असं माझं मत आहे.

कुणाला सुरुवात करायची असेल तर यंत्र विकत घेऊ नका. आधी एक व्हर्निअर कॅलिपर घ्या आणि घरातल्या वस्तू मोजायला लागा. मग जवळच्या लेझरवाल्याकडे जाऊन प्लायची एक पट्टी कापून घ्या. तिच्यात २.३ पासून ३.२ मिलिमीटरपर्यंत, ०.१ ने वाढत जाणाऱ्या दहा खाचा असाव्यात आणि प्रत्येकीशेजारी तिचा आकडा कोरलेला असावा. त्याच प्लायचा कपटा एकेका खाचेत घालून बघा. जी खाच दाबून बसेल आणि उलटं धरलं तरी सोडणार नाही, तो तुमचा आकडा. तक्ता कुठून आणला ते पट्टीच्या मागे पेन्सिलने लिहा आणि पट्टी खिळ्याला अडकवून ठेवा. माझ्याकडे अशा चौदा झाल्या आहेत.